ह्याच जुलैत

"मी ऑनर्स करणार नाही, बाबा," मृणाल म्हणाली. "ह्याच जुलैत माझा डिग्री घेते."

एरवी शशिधर लगेच म्हणाले असते, 'माझी डिग्री.' इथेच जन्मलेल्या मुलीचं मराठी ते असं जागच्या जागी दुरुस्त करत आले होते. आज त्यांनी तिला अडवलं नाही. लंडनमधल्या हॅरोच्या घरात, पुढच्या खोलीतल्या खिडकीला लावलेल्या हॉस्पिटलच्या पलंगावर ते पडून होते. सकाळची नर्स नुकतीच येऊन गेली होती.

"अजून एक वर्ष आहे ना तुझं?" त्यांनी विचारलं.

"स्कॉटलंडमध्ये थर्ड इयरनंतर साधी डिग्री घेऊन निघता येतं. फोर्थ इयर फक्त ऑनर्ससाठी. त्यात तो थीसिस असतो. नाही केला तरी चालतो."

पुढच्या जुलैला शशिधर नसतील, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे स्कॅन वाचलेल्या त्या डॉक्टरने आपलाही वाचला होता. त्यावर घरात कुणी काही बोललं मात्र नव्हतं.

ॲबर्डीनच्या युनिव्हर्सिटीतून घरी येताना मृणालने ट्रेनमध्ये सगळी तयारी केली होती. बाबा नाही म्हणतील. माझ्यासाठी शिक्षण अर्धवट टाकायचं नाही, म्हणतील. कदाचित रागावतील. मग आपण हट्ट धरायचा. त्यांच्या एकेका वाक्याला तिचं उत्तर तयार होतं.

शशिधरनी डोळे मिटले. त्यांना झोप लागली की काय, असं तिला वाटलं.

"घे," ते म्हणाले. "बरं होईल. मला बघायचंय."

मृणालने त्यांची उशी सारखी केली.

"समारंभाच्या हॉलमध्ये व्हीलचेअर नेता येते?"

"येते, बाबा."

"मग मला पुढे बसवा. लांबचं हल्ली नीट दिसत नाही."

"हो," ती म्हणाली, आणि पाण्याचा रिकामा पेला उचलून आत गेली.

स्वयंपाकघरात तिची आई प्रमोदिनी मऊ भात घोटत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. "काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

प्रमोदिनीचा हात थांबला. "तुला वाटलं होतं, नको म्हणतील."

मृणालने पेला सिंकमध्ये ठेवला. आपण त्या नकाराच्या भरवशावर आलो होतो, हे तिलाही आत्ताच कळलं होतं.

"मलाही तसंच वाटलं होतं," आई म्हणाली. तिने गॅस बंद केला. "पाणीसुद्धा स्वतः उठून घेणारा माणूस. एवढ्या वर्षांत कधी कुणाकडे काही मागितलं नाही त्यांनी. आता मागतायत."

"मी देतेच आहे ना, आई."

"दे. पण चेहरा धुऊन जा. त्यांना कळतं."

मृणालने सिंकपाशी तोंडावर पाणी मारलं, भाताची वाटी घेतली आणि बाहेर आली. दोन चमचे खाऊन शशिधरनी हातानेच पुरे अशी खूण केली.

"कशावर होता तुझा थीसिस?"

"सोडा ना, बाबा."

"सांग."

तिने सांगायला सुरुवात केली. तिकडे उत्तरेला दलदलीचा एक मोठा पट्टा आहे. खूप वर्षांपूर्वी लोकांनी चर खणून त्यातलं पाणी काढून टाकलं, वर झाडं लावली, आणि ती जमीन मेली. आता झाडं तोडून चर बुजवलेत. पाणी परत थांबायला लागलंय, आणि शेवाळ परत येतंय, आपलं आपण. गेल्या उन्हाळ्यात ती आणि तिची मैत्रीण सिया तिथे गुडघ्यांवर बसून ते शेवाळ मोजत होत्या. बोटाच्या पेराएवढं वाढलं होतं. मराठी शब्द सापडेनासे झाले तशी ती इंग्रजीत शिरली, पुन्हा मराठीत आली, हातांनी पाण्याची पातळी दाखवू लागली. वाटीतला भात निवून गेला. मध्येच तिच्या लक्षात आलं, बाबा तिच्या हातांकडे बघत नाहीयेत. ते तिच्या चेहऱ्याकडे बघतायत.

ती थांबली.

"सिया करेल ते," ती घाईने म्हणाली. "कुणीही करू शकतं."

"नाही," शशिधर म्हणाले. त्यांना दम लागला होता, म्हणून ते थोडं थांबले. "मी काय मागतोय ते मला कळतंय, मृणाल. कळत नाही असं समजू नकोस. तरी मागतोय. मला हा जुलै दे."

प्रमोदिनी दारात येऊन उभी राहिली होती.

मृणालने वाटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. ऑनर्स करणार की नाही, ह्या उत्तराची तिचे ॲबर्डीनचे प्रोफेसर वाट बघत होते. तिने फोन काढला, दोन ओळींचं ईमेल लिहिलं, एकदा वाचलं. शशिधर तिच्या अंगठ्याकडे बघत होते.

"गेलं?"

"गेलं."

त्यांनी मान हलवली. प्रमोदिनी पुढे झाली, त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि पायथ्याशी बसली. मग शशिधर एका हाताने पलंगाची दांडी धरून, कष्टाने, मुलीच्या बाजूला कुशीवर वळले.

"आता पुढचं सांग," ते म्हणाले. "हिवाळ्यात काय होतं त्या शेवाळाचं? बर्फाखाली वाढत राहतं, की थांबतं?"

"ते माहीत नाही, बाबा," मृणाल म्हणाली. "तेच बघायचं होतं."