आरपार

स्क्रीनवरची बस थांब्यावरून सुटली आणि त्याच वेळी खोलीचं दार उघडलं. तिने घाईघाईने गेम थांबवला, पण उशीर झाला होता. बाबा दारात उभे होते. हातात तिचा चहा होता आणि नजर स्क्रीनवर.

ती एका वेबसाइटसाठी गेम खेळून त्यांची परीक्षणं लिहायची. या आठवड्यात ती पडक्या इस्पितळात भुतांपासून पळाली होती, तिने एका राजाचं मुंडकं उडवलं होतं, फुटबॉलचा चषक जिंकला होता, भोपळे पिकवून विकले होते. सगळ्यांना गुण देऊन झाले होते. भुतांच्या गेमवर संपादकाचा फोन आला होता, "अगं, तुला भीती वाटली की नाही? लेखात कुठे दिसतच नाही." तिने एक वाक्य घालून दिलं, अंगावर काटा येतो म्हणून. काटा आला नव्हता. हल्ली कशानेच येत नव्हता.

बसचा गेम तिने मुद्दाम मागे ठेवला होता. आईने बजावलं होतं, "बाबा घरात नसतील तेव्हाच लाव हं." बाबा शहर बसचे ड्रायव्हर. हिवाळ्यात त्यांच्या बससमोर एक बाई अचानक रस्त्यात आली. ती वाचली नाही. चौकशीत बाबांवर ठपका आला नाही, कामावर या म्हणून निरोपही आला. ते गेले नाहीत. तेव्हापासून खिडकीशी बसायचे. वाढलं की जेवायचे, विचारलं की हो-नाही म्हणायचे. आज ते फिरायला गेलेत असं तिला वाटलं होतं.

"बंद करते," ती म्हणाली.

"कामाचं आहे ना?"

"हो. संध्याकाळपर्यंत द्यायचंय."

"मग कर की." त्यांनी चहा टेबलावर ठेवला आणि ते पलंगाच्या कडेला टेकले.

तिने बस पुढे काढली. थांबा आला, माणसं चढली, दार मिटलं. बाबांचा उजवा पाय फरशीवर हळूच दाबला जात होता. तिने तो पाहिला आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

"माणसं येतात का यात मधे?" बाबांनी विचारलं.

"येतात कधीकधी."

"मग?"

"मग काही नाही. लागत नाही कुणाला. गाडी आरपार जाते."

"आरपार म्हणजे?"

तोंडाने सांगणं तिला जमेना. पुढच्या वळणावर एक बाई पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. तिने वेग कमी केला नाही. बस बाईतून गेली. आरशात बाई बसच्या मागून बाहेर पडली, पिशवीसकट, आणि फुटपाथवर चढून आपल्या वाटेने निघून गेली.



"परत दाखव," बाबा म्हणाले.

तिने सगळा रस्ता फिरून बस पुन्हा त्या वळणावर आणली. बाई होतीच. आरपार.

"परत."

ती फिरवत राहिली. गेममधले प्रवासी कंटाळून तक्रारी करू लागले, चहावर साय धरली. दर वेळी बाई मागून निघायची आणि दर वेळी बाबा ती फुटपाथवर चढेपर्यंत आरशात बघत राहायचे. आता आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. अंगठा तेवढा दुखायला लागला.

मध्येच संपादकाचा फोन आला. "झालं का? किती गुण?"

"बघतेय अजून."

"त्यात बघायचंय काय एवढं? गाडी माणसांतून जाते म्हणे. तेच सुरुवातीला घे, लोक पोट धरून हसतील."

"हो," म्हणून तिने फोन ठेवला.

"मला दे जरा तो रिमोट," बाबा म्हणाले.

कुठलं बटण कशाचं, ते तिने दाखवलं. बाबांना ते धड जमेना. बस गचके खात निघाली, एका कठड्याला घासली, कशीबशी रस्त्यावर आली. जीभ दातात धरून, पुढे वाकून ते चालवत राहिले. वळण आलं. बाई रस्त्यात उतरली.

बाबांनी करकचून ब्रेक दाबला.

बस थांबली. बाईही थांबली, ऐन रस्त्याच्या मधोमध. समोर गाडी उभी राहिली की गेममधली माणसंही उभी राहायची.

"जा ना बाबा. तिला काही होत नाही."

"तिला आधी जाऊ दे."

"ती नाही जाणार. तिला बनवलंच तसंय. आपण गेल्याशिवाय ती हलत नाही."

बाबांनी मान हलवली, पण ब्रेकच्या बटणावरचा अंगठा उचलला नाही. मागे गाड्यांची रांग लागली. वेळापत्रक चुकल्याचे लाल आकडे एकामागून एक उमटू लागले. रिमोट त्यांच्या हातातून काढून घेणं काही अवघड नव्हतं. ती खुर्चीवरून उठली आणि त्यांच्या शेजारी पलंगावर जाऊन बसली.

"किती वेळ थांबायचं?" तिने विचारलं.

"थांबू की," बाबा म्हणाले. "तिला दिसू दे, गाडी थांबलीय."

स्क्रीनवरच्या बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ती तशीच उभी राहिली.