घरच्यांसाठीचा प्रश्न

भाचरांच्या ऑनलाइन खेळाचा ग्रुप शिंपीणबाई सांभाळत. मागे दोन परके आत घुसून पोरांना नको ते बोलले होते. दुधाने तोंड पोळल्यापासून बाई ताकही फुंकून पीत. ग्रुप त्यांनी खासगी केला. आत यायचं तर घरच्यालाच माहीत असेल अशा प्रश्नाचं उत्तर द्यायचं.

आज दुपारी एक विनंती आली. नाव नाही, फोटो नाही. प्रश्न होता, आजोबांची खुर्ची कोणती?

उत्तर बरोबर आलं. "खिडकीजवळची. एक पाय डुगडुगतो."

बाईंचा डावा हात सकाळपासून गार पडला होता. झोपेत अवघडला असेल. उजव्यानेच त्यांनी नणंदेला फोन लावला.

"पोरांपैकी कुणी नवं खातं उघडलंय का गं?"

"छे गं वहिनी! सगळी इथे माझ्यासमोर जेवतायत. त्याला आत घेऊ नकोस हं."

बाईंनी विनंती नाकारली आणि प्रश्न बदलला. माझ्या मशीनवर आत्ता काय आहे?

लगेच उत्तर आलं. "हिरवी बाही. उलटी जोडली आहे."

बाईंनी वाकून पाहिलं. बाही खरंच उलटी जोडली होती.

ती विनंतीही त्यांनी नाकारली. माझ्या मुठीत काय आहे, असा प्रश्न टाकला, मग बटणांच्या डब्यात न बघता उजवा हात घालून एक बटण उचललं आणि मूठ मिटली.

"पांढरं बटण. कडेला टवका उडालेला."

बाईंनी मूठ उघडली. अगदी तसंच होतं.

खाली आणखी एक ओळ उमटली.

"आणि डावा हात सकाळपासून माझ्या हातात आहे."