चांद्याचे आवतण

त्या साली कापसाने वऱ्हाडातल्या माणसाला काही म्हणजे काही कमी पडू दिले नाही. नांदगाव पेठच्या नत्थुजीला तर त्याने गळ्यात एक गोळासुद्धा दिला.

तो गोळा काढून घ्यायला नत्थुजी आता तिवशात, म्हाताऱ्या सूर्यभानच्या अंगणात, आ वासून बसला होता. सूर्यभान जनावरांचा वैद्य. बैलाचा धरावा तसा त्याने नत्थुजीचा जबडा धरला, उन्हाकडे फिरवला आणि आत पाहिले. माणसांचे वैद्य सहा महिन्यांत संपले होते. एकाने ज्येष्ठमध चघळायला लावले, दुसऱ्याने मिठाच्या गुळण्या. अचलपूरच्या हकिमाने कापसाचे तूस अडकल्याचे छातीठोक सांगितले आणि वर अख्खे केळे गिळायला लावले. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाच्या कापसावर चालत होत्या, तेव्हा इकडे बऱ्यावाईट प्रत्येक गोष्टीचे कारण कापूस हेच असे. केळे गेले. गोळा राहिला.

“काई नाई अंदर,” म्हणत सूर्यभानने जबडा सोडला. भाकर अडकते का, त्याने विचारले. नाही. पाणी? तेही नाही. कोरडा ठेचासुद्धा नीट उतरतो, नत्थुजीने जरा ओशाळूनच कबूल केले. जेवताना तर गोळ्याची आठवणही राहत नाही. नुसता आवंढा गिळला की तेवढा अडतो. म्हणून तो दिवसभर गिळून पाहत असे.

“बैल रिकामं गिळत नाई,” सूर्यभान म्हणाला. “माणूसच गिळते. जितकं गिळशीन तितका गोळा मोठा लागन. कोणाले काई बोलाचं राह्यलं काय तुयं?”

नत्थुजी नाही म्हणाला आणि त्याने आवंढा गिळला. सूर्यभानने तो आवंढा खाली जाईपर्यंत पाहिला. मग ते ‘नाही’ ऐकलेच नसल्यासारखा समोर बसून राहिला. तेव्हा नत्थुजीला सांगणे भाग पडले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. चांद्याच्या कानाशी नत्थुजीने हे नऊ वर्षे म्हटले होते. गेल्या पोळ्यालाही म्हटले. आणि सकाळी अकोल्याचा शेषराव गाडीवान दारात उभा राहिला. पुढे कापसाच्या गाड्या निघायच्या होत्या, गाडीवान गावोगाव बैल वेचत सुटले होते आणि बैलाला हत्तीचा भाव आला होता. नत्थुजीने पोळ्याच्या दिवशी चांद्याचे दावे सोडून शेषरावाच्या हातात दिले. गावाने विचारले तेव्हा चांद्याचा पाय मुरगळला असे सांगितले. चांद्याचा जोडीदार तोरणाखाली एकटाच उभा राहिला. बायकोने, कौशल्याने, पुरणपोळीचे ताट वाढून ठेवले होते. ते दिवे लागेपर्यंत तिने गोठ्यातून उचलले नाही.

“म्हंजे आवतण देऊन उपाशी धाडला,” सूर्यभान म्हणाला. “मंग मले काहून सांगतं? त्याले जाऊन सांग.”

“बैलाले काय समजते, बुवा?”

“समजत नाई म्हणूनच त्याले सांग. समजणाऱ्याले सांगाची तुयी हिंमत नाई.”

कौशल्याने काही न विचारता बारा पुरणपोळ्या फडक्यात बांधून दिल्या. विचारले असते तर बरे झाले असते, असे नत्थुजीला अकोल्यापर्यंत वाटत राहिले.

शेषरावाच्या तळावर अठरा बैल होते. चांद्या कडेला कडबा खात उभा होता. त्याच्या खांद्यावर जुवाचे घट्टे पडले होते. नत्थुजीला पाहून त्याने मान वर केली, क्षणभर तशीच ठेवली आणि पुन्हा कडब्यात घातली. तो परत मिळणार नव्हता, हे न विचारताच कळत होते. नत्थुजीने नुसतेच विचारले, की त्या दिवशी, पोळ्याला, याला काही गोडधोड मिळाले का.

“घातलं ना,” शेषराव म्हणाला. “आमच्या गड्याईनं मोठ्ठं गंज भरून पुरण शिजवलं. पन तुमच्या चांद्यानं काई तोंड लावलं नाई, बाप्पा.” एवढे बोलून तो तोंडातली तंबाखू थुंकायला कुंपणाकडे गेला.

नत्थुजीला पुढचे ऐकायची गरज उरली नाही. नऊ वर्षे दारात जेवलेला बैल. परक्याच्या दारात पुरण समोर आले, तरी पहिल्या आवतणाला धरून उपाशी राहिला. नत्थुजीने त्याच्या गळ्यात हात टाकला आणि कानाशी म्हणाला, “आवतण म्या देल्लं अन् म्याच तुले दारातून काढलं. चुकलो रे.” चांद्याने कान हलवला. मग बाराही पोळ्या खाल्ल्या आणि फडकेही चावून पाहिले. नत्थुजी इतका रडला, की भोवतीच्या गाडीवानांनी हातची कामे थांबवली. रडणे ओसरल्यावर त्याने भीत भीत आवंढा गिळला. सरळ गेला. पुन्हा गिळला. गेला.

शेषराव परत आला. भाऊ रडून काहून राह्यले, त्याने विचारले. नत्थुजीने त्याला डोळे पुसत सगळे सांगितले: बैल कसा आवतणाला जागला, आणि माणूस कसा जागला नाही.

शेषरावाने एकदा चांद्याकडे पाहिले, एकदा नत्थुजीकडे.

“पुरण करपलं होतं, भाऊ,” तो म्हणाला. “अठराईच्या अठराई बैलाईनं तोंड लावलं नाई.”