पडलेला वारा

बुखारेस्टहून आलेला चित्रकार आमच्या मंगालियाच्या किनाऱ्यावर बसून लांबवरच्या शिडाच्या होड्या जलरंगात उतरवत होता. माझ्या शाळेतली मुलं त्याच्याभोवती जमली होती.

"शहाण्या पोरींसारख्या कशा उभ्या आहेत बघा! एक शीड हलत नाही," तो खुशीत म्हणाला.

"त्या मधल्या होडीत डॉक्टर आहे, साहेब," मागून झाम्फिरा आजी म्हणाली. "घरी नातीचा घसा सुजून श्वास कोंडलाय. वल्ही मारत आले तरी रात्र होईल."

चित्रकाराचा कुंचला तसाच थांबला.


शिट्टीने वादळ येतं म्हणून किनाऱ्यावर शिट्टी मारणाऱ्या प्रत्येक पोराला आजवर धपाटा घालणारी आजी मुलांकडे वळली, "मारा रे बाळांनो शिट्ट्या, सगळे मिळून मारा."