ज्वारीच्या दाण्याएवढं

वानराला शेवटची अंघोळ कस्तुराबाईनंच घालायची, हे कुणी सांगावं लागलं नाही. गावातल्या प्रत्येक मयताला पहिलं पाणी तिच्याच हातचं. मारुतीच्या पारासमोर पाटावर वानर बसवलं होतं, पाठीला खुंटाचा आधार देऊन. भजनवाले टाळ घेऊन आले होते. बायका डोळे पुसत होत्या. मारुतीरायाचंच लेकरू ते, त्याला माणसासारखंच पोचवायचं असतं.

कस्तुराबाईनं कोमट पाणी ओतलं, अंग चोळलं, आणि डाव्या काखेखाली तिचं बोट थांबलं. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. रक्त म्हणाल तर नावालाही नाही. तिनं मान वर करून गर्दीतल्या आपल्या लेकाकडे पाहिलं. वैजनाथनं खाली पाहिलं. झालं, तेवढ्यानं तिला सगळं कळलं. आईला याहून जास्त पुरावा लागत नसतो. तिनं वाटीतली हळद बोटावर घेतली आणि त्या जागेवर दाबून बसवली.

वानर सकाळी सापडलं ते आनंदराजच्या रानात. आनंदराज म्हणजे वैजनाथचा बांधशेजारी, बौद्धवाड्यातला, शाळेपासूनचा सोबती. त्यानं परवाच हरभऱ्यावर अळीचं औषध मारलं होतं. गावाला तेवढं पुरे झालं. औषध घालूनच मारलं असणार, असं आधी एक म्हणाला, मग सगळे म्हणाले. घडीभरात ते 'असणार' गळून पडलं.

दगडोबा पारावर उठून उभा राहिला. गावात सगळ्यात वडील, आणि वडीलपणाचा उपयोग कुठं करायचा हे पक्कं ठाऊक असलेला.

"बहिष्कार टाका म्हणत न्हाई मी," तो म्हणाला. "कायदा हाय बाबा. फकस्त आनंदराजच्या तुरीला कुणी मळणीयंत्र घालायचं न्हाई."

लोकांनी माना हलवल्या. तूर कापून रानात पडली होती आणि वर आभाळ आलेलं. एक पाऊस झाला की वर्षाचं पीक चिखलात. मळणीयंत्र गावात एकच होतं, वैजनाथच्या घरचं.

आनंदराज पारापासून लांब, पिठाच्या गिरणीपाशी उभा होता. तो तिथूनच म्हणाला, की औषध झाडावर मारलं, जनावराला नाही. मग मेलं कशानं, असं दगडोबानं विचारलं. आनंदराजनं वैजनाथकडे पाहिलं आणि वाट बघत राहिला.

कारण काल संध्याकाळी ते दोघंच होते बांधावर. वैजनाथची हवेची बंदूक होती. तिच्या टाकीत हातपंपानं हवा भरायची, आणि हवा चढत जाईल तसा पंप इतका जड होतो की सगळं अंग त्याच्यावर टाकावं लागतं. पंप आनंदराज मारायचा, दाबाचा काटा वैजनाथ बघायचा. गेली दिवाळी झाल्यापासून वैजनाथला दुसरं काही सुचत नव्हतं. स्प्रिंग कसायची, ढिली करायची, नळी पुसायची, वेगवेगळे छर्रे मागवून बघायचे. काल एकदाचं जमलं. कागदावर छर्र्यामागून छर्रा एकाच भोकातून गेला. दोघं लहान पोरांसारखे हसले. मग समोरच्या चिंचेवर वानर येऊन बसलं.

"आता बास कर, वैजू," आनंदराज म्हणाला होता.

नुसतं बंदुकीवरच्या दुर्बिणीतून बघतो, असं वैजनाथ म्हणाला. एकदा नेम बसला की बोट ऐकत नाही, असं लोक सांगतात. ते खोटं आहे. बोट ऐकतं, वैजनाथनं त्याला थांब म्हटलंच नाही. फुस्स असा आवाज झाला. वानर उडी मारून आनंदराजच्या तुरीच्या पेंढ्यांकडं पळालं, आणि नेम हुकला असं वाटून वैजनाथचं तोंड उतरलं. आनंदराजला मात्र बरं वाटलं होतं.

आता गिरणीपाशी आनंदराज तसाच वैजनाथकडे बघत होता. त्यानं स्वतः तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, हे त्याला कळत होतं. गावाच्या लेखी ती जत्रेतली फुगे फोडायची बंदूक, तिनं वानर कुठलं मरतंय. आपलं पाप वैजनाथवर ढकलतोय, असंच सगळे म्हणाले असते. बोलायचं तर वैजनाथनंच. बोलायचीही गरज नव्हती, पुढं होऊन नखानं ती हळद खरवडली असती तरी पुरे होतं.

वैजनाथनं एक पाऊल टाकलं. ओठ हलले. दगडोबासुद्धा त्याच्याकडे वळला.

"वैजू," कस्तुराबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "पयला खांदा तू दे."

वैजनाथ वाकला आणि त्यानं तिरडीचा बांबू उचलला. दगडोबा म्हणाला, पोरगं भक्तिवान आहे, बांधावरल्या चिंचेवरच्या वानराचा शेजार राखला. टाळ वाजू लागले.

मिरवणूक गिरणीवरून गेली तेव्हा आनंदराज बाजूला सरला नाही. लोकच त्याच्यापासून अंग चोरून पुढे गेले. वैजनाथ समोर आला तसा तो हळू आवाजात बोलला, बंदूक सांभाळायला सांगताना एरवी बोलायचा तसाच.

"टाकीत कालची हवा हाय अजून. ती सरली की तुझी तू भर."

वैजनाथ चालत राहिला. बांबू खांद्यात रुतत होता, पण त्यानं खांदा बदलला नाही.

मागून कस्तुराबाई चालत होती. बाकीच्या बाया वेशीपासून परत फिरल्या. ती फिरली नाही. हळदीची वाटी तिनं अजून हातातून सोडली नव्हती.