प्रियंकाचं वय

माळशिरसचं घर सोडून आलेली प्रियंका सोलापुरात नव्या पेठेतल्या साडीच्या दुकानात कामाला लागली, आणि आठवड्याच्या आत तिचे वडील, अण्णा, पोलिसांना घेऊन दुकानाच्या दारात उभे राहिले.

चौकीत ती कळवळून सांगत होती, "साहेब, मी एकोणीस वर्साची हाय. पुढं नोकरीला वय उरावं म्हणून अण्णांनीच शाळंत दोन वर्सं कमी लावल्यात."

साहेबांनी शाळेचा दाखला पुन्हा एकदा वाचला. "कागदावर तू सतराचीच आहेस. मुकाट्यानं वडिलांबरोबर घरी जा."

चरफडत ती घरी आली. महिन्याभरात तिला न विचारताच तिचं लग्न ठरलं. आता तोच कागद आपल्या कामी येईल, या आशेनं हळदीच्या दिवशी तिनं गुपचूप हेल्पलाइनला फोन लावला. "मी सतराचीच हाय. माजं लगीन थांबवा."

तासाभरात बालविवाह रोखायला अधिकारी बाई मांडवात हजर झाल्या.



अण्णांनी शांतपणे आत जाऊन ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणला आणि बाईंच्या हातात ठेवला. "बघा की, पोरीला एकोणीस कवाच पुरी झाल्यात."