खातं पुसण्याची पुस्तिका

डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहरातल्या एका घरभाडे कंपनीत बोडिल माहितीपुस्तिका लिहायची. साहेबाने, म्हणजे प्रेबेनने, तिला नवं काम दिलं. भाडेकरूंची खाती डेटाबेसमधून कायमची पुसणारं एक साधन आलं होतं, ते कसं वापरायचं हे लिहायचं होतं.

"घर सोडून गेलेल्यांची माहिती आपल्याकडे राहता कामा नये. कायदाच आहे तसा," प्रेबेन म्हणाला.

बोडिलने आठवडाभर खपून पुस्तिका लिहिली. 'आधी भाडेकरूची लेखी संमती घ्या,' हे पहिलंच वाक्य प्रेबेनने खोडलं.

"बाकी झकास. आता एक खरं खातं पुसून बघ. हे घे, आस्गर विंथर."

बोडिलने खातं उघडलं. "अरे, हा तर अजून तिथेच राहतोय. भिंतींवरच्या बुरशीचे साठ फोटो टाकलेत त्याने. लेकीला दमा जडलाय म्हणतो."

"म्हणूनच तर," प्रेबेन कॉफी ढवळत म्हणाला. "गुरुवारी नगरपालिकेची माणसं तक्रारी तपासायला येतायत."

"किळस येते मला तुझी. मी हे करणार नाही," असं म्हणून बोडिल कोट उचलून निघून गेली.

पासवर्ड बदलायलाही दुसऱ्याला हाक मारणारा प्रेबेन तिच्या खुर्चीत बसला. पुस्तिका समोर ठेवून तो एकेक पायरी वाचत गेला आणि चार मिनिटांत विंथरचं खातं साठ फोटोंसकट पुसलं गेलं.



कुणाला काही विचारावं लागू नये, इतकं सोपं करून तिने लिहिलं होतं.